गळ्यातली टेप

स्तनाच्या कर्करोगाने आई गेली, तेव्हापासून शिंपीणकाकू तपासणी टाळत आल्या होत्या. शेवटी सुनेने त्यांना दुकानातून उठवून इस्पितळात आणलं, ते गळ्यातल्या मापाच्या टेपसकट. टेप सुनेच्या हाती देऊन त्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या. "काकू, श्वास रोखून धरा," यंत्र चालवणारी चाळिशीतली बाई म्हणाली. "छे, श्वास रोखला की माप चुकतं," वीस वर्षांच्या सवयीने काकू बोलून गेल्या आणि फोटो हलला. "तुमच्या दुकानात तुमचं ऐकेन, इथे माझं ऐका," बाई हसली. काकूंनी मुकाट्याने श्वास रोखला. आठवड्याने रिपोर्ट चांगला आला आणि पाठोपाठ तीच बाई कापड घेऊन दुकानात आली. काकूंनी टेप उलगडत विचारलं, "तू स्वतःची कधी करून घेतलीस गं तपासणी?" बाईने नजर चुकवली. "राहूनच गेलं." "दिव्याखालीच अंधार," म्हणत काकूंनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. "आधी तपासणी, मग माप."