तीस डॉलरचा माणूस

मर्ल टॉर्गरसन रांगेत येऊन उभा राहिला आणि काउंटरमागे रोवेनाने पुन्हा एकदा नोंदी चाळल्या. यंदा त्याची बायको वाँडा येऊन गेलीच नव्हती.

अमेरिकेतल्या टॅकोमा शहरातलं हे गाड्यांच्या नोंदणीचं ऑफिस तेरियाकी चिकनच्या जपानी खानावळीला खेटून होतं. नंबरप्लेटवरचं नवं स्टिकर घ्यायला लोक वर्षातून एकदा इथे यायचे, आणि येईल तो आधी रोवेनावर तोंडसुख घ्यायचा. गाडीमागे तीस डॉलर, वर काही नाही, असं लोकांनी मतं देऊन ठरवलं होतं. पण ट्रेनसाठी आधीच कर्ज काढलेलं होतं, म्हणून ते फेडायला गाडीच्या बिलात ट्रेनचा कर चालूच राहिला. जणू रोवेनाच तो कर घरी नेऊन खात होती.

मर्ल मात्र कधी भांडला नाही. घरी आलेल्या बिलावरचा आकडा तो सुतारी पेन्सिलीने खोडायचा, शेजारी तीस लिहायचा आणि तेवढेच पैसे काउंटरवर टेकवायचा. रोवेना त्याला स्टिकर द्यायची. द्यायला काय जातंय! आदल्याच दिवशी वाँडा वरचे पैसे भरून गेलेली असायची.

"त्याला बोलू नकोस हं," वाँडा म्हणायची. "सुपरमार्केटच्या दारात भर पावसात उभा राहून सह्या गोळा केल्या होत्या गं त्याने या तिसासाठी. एवढी एकच लढाई जिंकलाय, जिंकू दे."

आणि आज वाँडा बाहेर त्यांच्या पिकअप ट्रकमध्ये बसली होती. शेवाळलेल्या पायरीवरून घसरून पाय मोडलेला, प्लास्टर थेट गुडघ्यापर्यंत. काचेतून ती रोवेनाला दिसत होती. कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने ती काहीतरी खुणा करत होती. रोवेनाच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला.

रांगेत पुढे असलेला तरुण कुरकुरत पैसे भरत होता. मर्लने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कच खायची नसते, बाळा. मला बघ. दरवर्षी तीस, आणि एक शब्द ऐकून घेत नाही."

तरुणाने रोवेनाकडे पाहिलं. रोवेना खाली बघून उगाच स्टेपलर उघडत बसली. आता या म्हाताऱ्याला खरा आकडा सांगायचा कसा? सांगितला की त्याची लढाई गेली, आणि वाँडाचं गुपितही. आपल्या पर्समधून भरावेत, तर महिनाअखेर होती. दोघांवरही तिचा जीव होता, हीच पंचाईत होती.

तरुण गेला. मर्लने तीस डॉलर काउंटरवर ठेवले.

"मिस्टर मर्ल," रोवेना म्हणाली, "यंदा जरा…"

फोन पुन्हा वाजला. तिचा हात तिकडे गेला.

"उचलू नकोस," मर्ल हळूच म्हणाला. "तीच असेल. घरात मी सारखा तिच्या उशाशी, फोन करायला जागाच दिली नाही तिला." तो मागे वळला नाही. "हात हलवतेय का अजून?"

रोवेनाने काचेबाहेर पाहून मान डोलावली. मर्लने पाकीट काढलं आणि तिसाच्या शेजारी बिलातले उरलेले पैसे ठेवले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, या काउंटरवर न भांडता कुणाला काही मिळालंय का? पहिल्याच वर्षी तू हसून स्टिकर दिलंस, तेव्हाच म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर बसून पोस्टाने आलेल्या मतपत्रिका भरल्या आम्ही. मला तीस हवे होते, तिला ट्रेन हवी होती. त्याच ट्रेनने सिएटलला बेसबॉल बघायला जाते ना ती, ओरडून घसा बसवून परत येते. म्हटलं, तीस माझे, वरचे तिचे. न्याय झाला." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि मला फसवून आली की दिवसभर शीळ घालत फिरते गं ती."

"मग या वेळी कशाला भरताय?"

मर्लने नोटा तिच्याकडे सरकवल्या. "ती घरात अडकून पडलीय. पाय बरा होईपर्यंत ती ट्रेन कुणीतरी चालू ठेवायला हवी ना?"

रोवेनाने पैसे घेतले. पूर्ण रक्कम छापलेल्या नोंदणीच्या कागदाची नेहमीसारखी घडी घालून त्याला दिली. शेंगदाण्याच्या बरणीच्या लेबलावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचणाऱ्या त्या माणसाने तो कागद नेहमीसारखाच न उघडता खिशात घातला.

बाहेर जाऊन त्याने सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तीस! एक सेंट वर दिला नाही!" मग तो गुडघे धरत ट्रकमागे वाकला. प्लेटवर स्टिकर चिकटवून, चोरांना उचकटता येऊ नये म्हणून चाकूने त्यावर बारीक चिरा पाडू लागला.

फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी रोवेनाने उचलला.

"दिलंस ना स्टिकर तिसात?" वाँडा कुजबुजली. "किती गुणाची गं तू! पाय बरा झाला की वरचे आणून देते."

"सावकाश द्या, मिसेस वाँडा. घाई नाही."

"त्याला संशय नाही ना आला?"

रोवेनाने काचेतून पाहिलं. मर्ल अजून वाकलेलाच होता, कान लाल झाले होते, आणि पुढे बसलेल्या बायकोला दिसणार नाही अशा बेताने तो एकटाच हसत होता.

"छे हो," रोवेना म्हणाली. "मुळीच नाही."

"नाहीच येणार," वाँडा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "फार भोळा आहे गं माझा माणूस."