मॅग्नमचा दणका

ऑर्विलच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून व्हर्नाला त्याच्या रायफलची धास्ती वाटे. ती रायफल रिव्हॉल्व्हरच्याच काडतुसांवर चालायची. खांद्याला जोरदार दणका देणारी मॅग्नम चालत, तशीच किंचित आखूड, सौम्य अडतीसही चालत.

"अडतीस? ती पोरासोरांनी डबे उडवायला," ऑर्विल म्हणायचा.

शेवटी व्हर्नाने मॅग्नमच्या खोक्यात गुपचूप अडतीसची काडतुसं भरून ठेवली.

त्या सकाळी खुराड्यापाशी कोल्हा आला. एकेक काडतूस अंगठ्याने आत सरकवताना ऑर्विल क्षणभर थबकला.

"काय झालं?" व्हर्नाने विचारलं.

"चष्मा कुठाय?"

"नाकावर आहे, म्हाताऱ्या."

त्याने रायफल उजव्या खांद्याला टेकवली. बार झाला. आवाज अंमळ बारीकच आला. व्हर्नाने श्वास रोखला. कोल्हा जागच्या जागी आडवा झाला.

"बघितलंस? याला म्हणतात मॅग्नम," ऑर्विल खांदा चोळत ऐटीत म्हणाला. "काय दणका बसला, बाई."

"बसणारच. माझं ऐकतोस कुठे?" व्हर्ना हसू दाबत म्हणाली.

कॉफी ठेवायला ती आत वळली आणि दारातच थांबली. तो अजूनही खांदा चोळत होता, पण डावा.