कमी दाबाचा प्रयोग

मंगळावरच्या कामगार वस्तीतल्या शाळेत हेमांगीबाईंनी अर्धवट फुगवलेला फुगा टेबलावर ठेवला. "बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला, की फुगा मोठा होतो," त्या म्हणाल्या.

हवा काढून घ्यायच्या काचेच्या हंडीत ठेवण्याआधीच फुगा फुगू लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या कानांत मात्र दडे बसले. त्यांनी घाईने नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"वर्गातली हवा कमी होतेय!"

"हो बाई. अधिकाऱ्यांच्या वस्तीत गळती झालीय. तुमची हवा तिकडे वळवलीय."

"अहो, इथे मुलं आहेत!"

"तिकडेही आहेत," म्हणत पलीकडच्याने फोन ठेवला.

बाई वर्गाकडे वळल्या. "आता कुणीही बोलायचं नाही. आडवं व्हायचं आणि हळूहळू श्वास घ्यायचा."

मुलं गुणी होती. सगळ्यांनी ऐकलं.