हनामेलच्या सबबी

गच्चीवर अंजीर वाळत घालताना हनामेलला परमेश्वराची हाक आली. “यरुशलेमला जा. राजाला तोंडावर सांग, या लढाईला माझी परवानगी नाही.”

“देवा, मी बोलताना अडखळतो.”

हाक पुन्हा आली.

“देवा, माझी पाठ धरलीय.”

हाक तिसऱ्यांदा आली.

“देवा, शेळ्या व्यायला झाल्यात. दुसरं कुणीतरी बघ ना!”

खाली जात्यावर बसलेली त्याची बायको होग्ला नवऱ्याचं सगळं बोलणं ऐकत होती. ती त्याच्या वहाणा आणि काठी घेऊन वर आली.

“अगं, राजाला नाही म्हटलं तर मुंडकं उडवेल तो माझं!”

“साक्षात परमेश्वराला तीनदा नाही म्हणालात,” होग्लाने वहाणा त्याच्या पायाशी टाकल्या, “तेही न अडखळता. राजाला तर एकदाच म्हणायचंय.”