दारावरचा दोनचा आकडा

भुसावळबाहेरच्या माळावर उन्हाच्या तडाख्यामुळे सगळी कुटुंबं आता एसी गाड्यांमध्येच राहत होती. प्रत्येक दारावरचं यंत्र आतल्या श्वासांवरून माणसं मोजायचं. एकच माणूस असला तर एसी तासाआड चालायचा, दोघं असली की अखंड.

यमुनावहिनींच्या दारावर दोनचा आकडा होता. पण त्यांचे यजमान दिगंबरराव कालपासून दिसले नव्हते. शेजारच्या कुमुदला ते खटकत होतं. वाटीभर साखर मागायचं निमित्त करून ती आत शिरली.

दिगंबरराव पातळ चादरीखाली झोपले होते. त्यांची गोधडी मात्र कोपऱ्यातल्या पातेल्याला गुंडाळलेली होती.

"एवढा गारठा, आणि गोधडी पातेल्याला?"

"जिलबीचं पीठ आहे. फुगायला ऊब लागते," वहिनी साखर देत म्हणाल्या.

कुमुदने दिगंबररावांच्या पायाला हात लावला. पाय थंडगार होता. मग तिने पातेल्यावरचं झाकण उचललं. पीठ बुडबुडे सोडत होतं, आणि यंत्र त्यालाच माणसाचा श्वास समजत होतं.

"मुलगा उद्या पोचेल," वहिनी म्हणाल्या. "तोवर एसी थांबून चालणार नाही."

बुडबुडे मंदावत चालले होते. पिठाचा आता भरवसा नव्हता. कुमुदने वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याला फोन लावला.

"तुम्ही जेवून घ्या. मी उद्यापर्यंत वहिनींकडेच बसते."