पुरता नमस्कार

जयवंताबाईंची बोटं घोट्यापाशी थांबली. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पाय फाकवून, मान खाली सोडून. समोर सून वर्षाली आकडे मोजत होती.

"सात. श्वास सोडा, आई. आठ."

नवाला बोटं आणखी खाली सरकली आणि फरशीला टेकली. जयवंताबाईंनी थंड फरशीवर अख्खा तळवा ठेवला. दहा झाले तरी उचलला नाही.

"टेकला!" वर्षाली ओरडली. "आता पेढे वाटा."

"पेढे राहू दे. उद्या मले पातूरले घेऊन चाल."

वर्षाली बघतच राहिली. पातूरचं नाव या घरात तीन वर्षं निघालं नव्हतं.

पातूरला जयवंताबाईंची मोठी जाऊ राहत होती, पार्वताबाई. त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. दोघींचं अर्धं आयुष्य तिथल्या मळ्यात गेलं. पहाटे शेवंती तोडायची, मग मेथी-पालक खुडायचा, संध्याकाळी जुड्या बांधायच्या. दिवसभर कमरेत वाकलेल्या असत. वाकणं हे काही वेगळं काम आहे, असं तेव्हा दोघींनाही वाटलं नव्हतं. पार्वताबाई पुढे, जयवंता मागे. ओल्या मातीत पुढचीच्या पायांतली चांदीची जोडवी चमकायची. नवी सून असताना जयवंता त्यांच्याकडे बघत बघतच सरी संपवायची. पुढे तिच्या नवऱ्याने अकोल्यात जुन्या शहरात फुलांचं दुकान टाकलं आणि बिऱ्हाड तिकडे गेलं. पण सणाला पातूरला जाऊन जावेच्या पाया पडणं कधी चुकलं नाही.

मग कंबर आखडली. सकाळी खाटेवरून उठायला भिंत लागू लागली. त्याच उन्हाळ्यात बार्शीटाकळीला पार्वताबाईंच्या नातवाचं, विपुलचं लग्न होतं.

लग्नाआधी पार्वताबाई दोन महिने अमरावतीला लेकीकडे राहून आल्या होत्या. मांडवात खुर्चीवर बसल्या, त्या पायांत मोजे घालून. "अमरावतीची हवा लागली बुढीले," बायका हसल्या. जयवंताबाई पाया पडायला पुढे झाल्या. कंबर अर्ध्यातच अडकली. हात गुडघ्यांच्या उंचीवर लोंबकळत राहिले. आणि पार्वताबाईंनी दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले. तोंडातून आशीर्वादाचा शब्द निघाला नाही. सगळ्या मांडवानं ते पाहिलं.

जयवंताबाई न जेवता घरी आल्या. अर्धवट नमस्कार जावेनं झिडकारला, एवढंच त्यांना कळलं. त्यानंतर इकडून कोणी गेलं नाही, तिकडून कोणी आलं नाही. महालक्ष्म्यांचं जेवणही दोन घरी वेगवेगळं झालं.

गेल्या दिवाळीनंतर त्या आपणहून व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. कमरेसाठी, असं घरात सांगितलं. रोज सकाळी खाटेवर पडून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. मग बसल्या बसल्या खाली वाकायचं, आणि दुखेल तिथं थांबायचं. पहिले पंधरा दिवस त्यांना हा पोरखेळ वाटला. संक्रांतीला बोटं नडगीवर होती, होळीला घोट्यावर. पाठ हलकी झाली. भाकरी थापायला खाली बसता येऊ लागलं. घरात त्याचंच कौतुक. जयवंताबाई मात्र घोट्याखाली उरलेल्या चार बोटांचा हिशेब करत होत्या. जाऊ शहात्तर वर्षांची झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पातूरच्या घरी ओसरीवर पार्वताबाईंचे मालक खुशालराव पेपर वाचत बसले होते. जयवंताबाईंना पाहून त्यांनी पेपर खाली ठेवला आणि नुसता आत हात केला. आत पार्वताबाई खाटेवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून. पायांत मोजे होतेच.

"आली वं?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं, माह्या मातीलेच येशील."

"मातीले आली असती तं बरं झालं असतं. पाय तरी ओढता आले नसते तुमाले."

 पार्वताबाई वर्षालीकडे वळल्या. "पोरी, तू चुलीकडं जाय. चहाचं पाह्य."

वर्षाली गेली. जयवंताबाई खाटेसमोर उभ्या राहिल्या. गुडघे सैल सोडले. श्वास सोडत खाली गेल्या. नडगी. घोटा. समोरचे पाय या वेळी जागचे हलले नाहीत. जयवंताबाईंनी दोन्ही तळहात दोन्ही पावलांवर पुरते टेकवले आणि सवयीनं मनात आकडे मोजू लागल्या.

चाराला आकडे थांबले. उजवा मोजा पुढून रिकामा होता. बोटं असायची तिथं नुसतं कापड दबलं.

"शुगरनं नेली," वरून आवाज आला. "अमरावतीले लेकीकडं नव्हती मी तवा, दवाखान्यात होती. जोडव्याचं बोटबी गेलं. मालक ओसरीत बसून हायेत, अन् बाई बिनजोडव्याची. नातवाच्या लग्नात कोणाले दाखवू?"

जयवंताबाई तशाच वाकून राहिल्या. मोजा त्यांच्या मुठीत होता.

"मले वाटलं, बाई, मी अर्धीच वाकली म्हून..."

"अर्धी वाकली म्हून नाही वं, जयवंते," पार्वताबाई म्हणाल्या. "पुरी वाकशील म्हून ओढले."