एका बोटाची फट

मोटरसायकलला मागे रुंद टायर बसवून मेहुण्याला गल्लीभर रुबाब मिळणार होता आणि मिस्त्रीला घरात चार दिवस शांतता. पदरी पडली ती कटकट.

"टायर मडगार्डला घासतोय. हे काम तुमचं, दाजी?" मेहुणा भर गॅरेजात तिसऱ्यांदा भांडायला आला.

मिस्त्रीचंही डोकं फिरलं. "मागे दुसरं माणूस बसलं तरच घासेल. कोणाला घेऊन हिंडतोस?"

"एकटाच असतो मी."

"मग बस, दाखवतोच."

मेहुणा तणतणत बसला. गाडी थोडी दबली. मिस्त्रीने टायर आणि मडगार्डच्या फटीत बोट घालून सहज फिरवलं.

"बघ, कुठे घासतोय?"

तेवढ्यात गाडी आणखी एकदा दबली. बोट चिमटलं.

"उतर आधी, गाढवा."

मेहुणा उतरून पार दारापाशी गेला, तरी मिस्त्रीचं बोट सुटेना.